निरीक्षणाआधी अनुमान

४ मे, गुरुवार

शाळेतून निवृत्त होताना कपाटात उरलेल्या कोऱ्या प्रयोगवह्या मी घरी आणल्या होत्या. अकरा वर्षं त्यांना वाळवीपासून वाचवलं. आजपासून एकीत रोजनिशी लिहितो. उजवीकडचं आखीव पान मजकुराला, डावीकडचं कोरं पान आकृतीला. तेहतीस वर्षं पोरांना मी हेच शिकवलं : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. क्रम चुकला की खलास. अनुमान आधी लिहून मागाहून त्याला जुळणारे आकडे भरणाऱ्याला लाल शाईने शून्य, आणि वही उशिरा आणणाऱ्याचे तीन गुण कापलेले. आख्ख्या कोदमंगलम तालुक्यात कुर्याकोस सार (आमच्याकडे मास्तरला सारच म्हणतात) म्हटलं की लोकांना अजून ते शून्यच आठवतं.

उद्देश : समलिंगी विवाह निसर्गनियमांच्या विरुद्ध आहे, हे भौतिकशास्त्राने सिद्ध करणे.

दिल्लीच्या मोठ्या कोर्टात सध्या याच विषयावर सुनावणी चालली आहे. टीव्हीवर वकील बोलतात, नट्या बोलतात, स्वामी बोलतात. भौतिकशास्त्राला कोणी विचारत नाही. म्हणून मी एक पुस्तिका लिहायला घेतली आहे. नाव ठरलं आहे, ‘निसर्गाचा निकाल’.

एलीकुट्टी म्हणाली, “अहो माणसा, निवृत्त झाल्यावर लोक बागेत काम करतात.”

“करतोच की. जायफळाची साठ झाडं कोण बघतं?”

“मग तेवढीच बघा.”

थोड्या वेळाने तिच्या बहिणीचा फोन आला. ती फोनवर सांगत होती, “माझं माणूस पुस्तक लिहितंय. नाही गं, ताप वगैरे काही नाही.” लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण तिच्या तोंडी माझं नाव कधी आलेलं नाही. समोर असलो की ‘माणसा’ आणि पाठीमागे ‘माझं माणूस’. तिची आईही असंच म्हणायची.

दुपारी ब्रिजिता चेची आली. माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं जर्मनीत नर्स होती. निवृत्त झाल्यावर ती आणि तिच्याबरोबर नोकरीला असलेल्या साराम्मा, दोघी इकडे परत आल्या आणि आमच्या बागेपलीकडे घर बांधून राहिल्या. साराम्मांचे पाला गावाकडचे नातेवाईक कोणी येत-जात नाहीत. दोघी अविवाहित, तेव्हा एका घरात राहणं सोयीचं पडतं.

चेचीच्या हातात दोन फॉर्म होते. देवळामागच्या घराण्यांच्या कबरींची डागडुजी चालली आहे, आणि पुढे कुठल्या कबरीत कोणाला ठेवायचं याची फादर इट्टूप नव्याने यादी करताहेत. फॉर्मवर कुटुंबप्रमुखाची सही लागते, म्हणजे माझी. मुदत दुक्रानाच्या सणापर्यंत, तीन जुलै. चेचीच्या फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ या रकान्यात ‘बहीण’ लिहिलेलं होतं. दुसरा फॉर्म साराम्मांचा. त्यातला नात्याचा रकाना कोरा.

“हा तू भर, कुरिया,” चेची म्हणाली.

“काय भरू? त्या आपल्या कोणी लागत नाहीत.”

“विचार कर. दोन महिने आहेत.”

दोघी ठणठणीत आहेत, घाई कसली? चेचीचा फॉर्म सही करून दिला आणि साराम्मांचा खणात ठेवला.

९ मे, मंगळवार

पुस्तिका वेगात चालली आहे. तीन सिद्धांत पक्के झाले.

पहिला, चुंबकाचा. विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात, सजातीय ध्रुव ढकलतात. निसर्गाने यापेक्षा स्पष्ट कसं बोलावं?

दुसरा, विजेचा. प्लग आणि सॉकेट.

तिसरा जायफळाचा, आणि हा माझा स्वतःचा आहे. जायफळात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नर नसेल तर मादीला फळ नाही. दहा मादी झाडांमागे एक नर झाड ठेवावं लागतं, हे इथला शेंबडा पोरगासुद्धा सांगेल.

एलीला वाचून दाखवलं. ती जायपत्री सोलत होती. म्हणाली, “म्हणजे तुमच्या निसर्गनियमाने एका पुरुषाला दहा बायका?”

“तसं नव्हे गं—”

“उरलेल्या नऊजणी आज येतायत का? एवढी जायपत्री सोलायची पडली आहे.”

हे वाक्य तळटीपेत टाकून खुलासा करावा लागेल.

१६ मे, मंगळवार

हस्तलिखित टाइप करायला साराम्मांकडे गेलो. कॉम्प्युटर त्यांच्याकडे आहे आणि पंचाहत्तराव्या वर्षी त्या दिवसभर फोनला चिकटून असतात, बोटं सरावलेली आहेत. मी सांगत होतो, त्या टाइप करत होत्या, चेची बाजूला बसून मोजे विणत होती. केरळच्या उकाड्यात मोजे! जर्मनीची सवय.

साराम्मा मोठ्याने म्हणाल्या, “‘समान समानाला दूर ढकलतं.’ सार, तुम्ही आणि लायब्ररीचे दामोदरन, दोघं म्हातारे, दोघांनाही टक्कल, दोघांनाही साखर. रोज संध्याकाळी बुद्धिबळाला एकत्र कसे बसता?”

“ती मैत्री आहे.”

“असं होय.” आणि त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या खोलीत धूळ फार आहे, चेचीला सांगितलं पाहिजे.

मग पान सातवरचं माझं आवडतं वाक्य आलं. ‘दोन सॉकेट समोरासमोर ठेवली तर त्या घरात कधीच दिवा लागणार नाही.’ साराम्मांची बोटं थांबली. चेचीने सुया मांडीवर ठेवल्या, उठली आणि खोलीतला दिवा लावला. दुपारी साडेतीन वाजता.

“आमच्या घरात लागतो, कुरिया,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “अगं, उपमा आहे ती.”

ती पुन्हा सुया घेऊन बसली. मी निघताना तिने नेहमीप्रमाणे माझा रक्तदाब बघितला आणि कार्डावर लिहिला, १३७/८७. चेची इंग्रजी सात लिहिते तेव्हा त्याच्या पोटात आडवी रेघ मारते. जर्मनीत सगळे तसंच लिहितात म्हणे. मी तिला कितीदा सांगितलं की आपल्याकडे याला खाडाखोड समजतात. ऐकत नाही.

साराम्मांचा फॉर्म राहिलाच आहे. रकान्यात ‘शेजारीण’ लिहिता येईल का, असं दारात विचारलं तर चेचीने दार लावून घेतलं. वारा सुटला होता.

२८ मे, रविवार

साहित्य : दोन पट्टीचुंबक, एक प्लग, दोन सॉकेट, जायफळाच्या दोन फांद्या.

‘निसर्गाचा निकाल’च्या तीनशे प्रती छापून आल्या. आज वाचनालयात प्रकाशन आणि व्याख्यान होतं. दामोदरन पक्का नास्तिक माणूस, पण सेक्रेटरी म्हणून त्याने हॉल दिला. म्हणाला, “विज्ञानाच्या नावाने येतोयस, नाही कसं म्हणू? पण प्रश्नोत्तरं ठेवणार हं.” शंभराच्या वर माणसं जमली होती. निम्मे माझेच जुने विद्यार्थी.

यापुढचं लिहायला हात धजत नाही, पण प्रयोगवहीत खोटं लिहायचं नसतं.

एक चुंबक शाळेचा जुना होता. दुसरा मी कॉलेजात असताना चेचीने जर्मनीहून पाठवलेला, निळ्या डबीतला. पन्नास वर्षांनीही त्याचा जोर तसाच आहे. मी दोघांचे उत्तर ध्रुव समोरासमोर धरले आणि म्हणालो, “बघा, निसर्ग स्वतः सांगतो आहे, नको!” लांबून थोडा धक्का जाणवला. मागच्या रांगेला नीट दिसावं म्हणून मी दोन्ही जोराने जवळ आणले.

खट्ट.

चिकटले. उत्तर ध्रुवाला उत्तर ध्रुव. मी ओढतोय, सुटेनात. मागून कोणीतरी ओरडलं, “सार, राहू द्या की त्यांना! राजीखुशीने आलेत!” आणि छप्पर उडेल असा हशा पिकला.

जोरदार चुंबक दुर्बळ चुंबकाच्या फार जवळ आणला तर त्याचा ध्रुवच पालटून टाकतो. हे मी तेहतीस वर्षं नववीला शिकवलं. ऐन वेळी मीच विसरलो.

प्लगपाशी आलो तर वायरमन सुगतन उठला. “सार, एक शंका. तीन पिनांच्या प्लगमधली तिसरी पिन लग्नात कोण असते?” त्याला बसवलं. तोवर रिक्षावाला उठला, “माझ्या गाडीची मागची दोन्ही चाकं सारखीच आहेत, तीस वर्षं एकत्र फिरतायत.” दामोदरनला हसू आवरेना, त्याने टेबलाखाली तोंड घातलं.

साराम्मा पहिल्या रांगेत बसून फोनवर सगळं टिपून घेत होत्या. निदान एक चित्रफीत तरी आपल्याकडे राहील. चेची आली नव्हती.

३० मे, मंगळवार

चित्रफीत आपल्याकडे राहिली नाही. सगळ्या केरळभर गेली आहे. फोनवर ‘किसलेलं जायफळ’ नावाचं कोणी टवाळ पान चालवतं, तिथून ती निघाली. माझी भाची कॅनडाहून फोन करून विचारते, “अंकल, तुम्हीच का ते?”

चहाच्या टपरीवर गेलो. औसेपने बशी पुढे करून विचारलं, “सार, दोन वडे एका बशीत ठेवू ना? एकमेकांना ढकलणार नाहीत ना?” आज परत वाचनालयात गेलो तर बुद्धिबळाच्या पटावर दोन वजीर शेजारी शेजारी उभे करून ठेवलेले. दामोदरन म्हणतो त्याने ते केलं नाही. वर म्हणतो, “उदास होऊ नकोस. वीज दरवाढीच्या सभेनंतर एवढी गर्दी झालीच नव्हती.”

उदास मुळीच नाही. महान लोकांची चेष्टा होतेच.

३ जून, शनिवार

आता मात्र हद्द झाली. ‘किसलेलं जायफळ’वर माझ्या पुस्तिकेचं एक पान टाकलं आहे. त्यावर लाल शाईत, इंग्रजी आकड्यात : ‘पान ७. निरीक्षणाआधी अनुमान. शून्य. पुन्हा करून आणा.’ माझं शून्य! माझे शब्द! खाली आठशे लोक लिहितात, “आमच्या सारांनाच शून्य मिळालं.” एकाने तर लिहिलं आहे की त्याने हे शून्य फ्रेम करून भिंतीवर लावलं.

नक्कीच कोणा जुन्या विद्यार्थ्याचं काम. तेही ढ विद्यार्थ्याचं, कारण गाढवाला सातसुद्धा धड लिहिता येत नाही, लिहून मध्येच खोडला आहे.

एली ते बघून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हणाली, “अक्षर छान आहे हो.”

आज शनिवार, चेचीचा रक्तदाब घ्यायला यायचा दिवस, तरी ती आली नाही. निरोप पाठवला तर उत्तर आलं : हात दुखतोय. मोजे विणायला दुखत नाही वाटतं. इथून ओट्यावर दिसते ती.

११ जून, रविवार

देवळातून येताना चेचीला गाठलं. म्हटलं, “फादर विचारत होते, साराम्मांचा फॉर्म आला नाही. मी लिहिणारच आहे. ‘परिचित’ चालेल?”

ती छत्री मिटून उभी राहिली. “नको. आणि माझाही परत घे.”

“म्हणजे?”

“त्रिशूरला विजेची दाहिनी आहे. आम्ही दोघींनी तिथे नावं दिली. नंतर दोन बरण्या, कुठेतरी नदीत. कबरीत मला नाही राहायचं.”

अप्पा तिथे आहेत, अम्मा तिथे आहे. आजोबा, पणजोबा तिथेच आहेत. मी स्वतः तिथे जाणार. आणि चेची नाही? मला अक्षरं तिने शिकवली. अप्पांनी हात उगारला की मध्ये तीच यायची. मी म्हटलं, “चेची, एका रकान्यापायी?”

“हो.”

“अगं पण तो रकाना नात्याचा आहे! जे नाही ते मी कसं लिहू?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सात वर्षांचा झालो. “पन्नास वर्षं तू बघतो आहेस. त्यातली चौदा बागेच्या कुंपणापलीकडून. आणि रकान्यात काय लिहायचं ते मी सांगू?”

मग ती गेली. साराम्मा पुढे थांबल्या होत्या. त्यांनी चेचीच्या हातून छत्री घेतली.

दिवसभर जेवण गेलं नाही. चेची मला सोडून जाते आहे.

१३ जून, मंगळवार

डोकं दुखत होतं म्हणून खणातून रक्तदाबाचं कार्ड काढलं. १३७/८७. १४७/९०. १२७/८०. प्रत्येक सातच्या पोटात रेघ.

मग एलीचा फोन घेतला आणि ते लाल शाईचं पान पुन्हा उघडलं. मोठं करून पाहिलं.

तो सात खोडलेला नव्हता.

साराम्मांचा खोकला आठवला. पहिल्या रांगेत रोखलेला फोन आठवला. म्हणजे आख्ख्या केरळला माझ्यावर हसवणाऱ्या दोघी इथून ऐंशी पावलांवर राहतात, आणि दोघींचं वय मिळून दीडशेला एक कमी आहे. मी चवताळून उठलो. चपला घातल्या. फाटकापर्यंत गेलो आणि थांबलो.

चेचीने चेष्टा म्हणून नव्हतं लिहिलं. तिने तपासलं होतं. ‘पुन्हा करून आणा.’ नापास झालेल्या पोराला मी हेच लिहीत असे, पण सगळ्यांना नाही; ज्याच्याकडून काही होणार नाही त्याला मी नुसतं शून्य द्यायचो. पुन्हा करून आणायला फक्त ज्याला येईल असं वाटायचं, त्यालाच सांगायचो.

चपला काढल्या. नवी वही घेतली.

१४ ते २० जून

उद्देश : बागेपलीकडच्या घरात काय आहे ते पाहणे. (‘सिद्ध करणे’ असं लिहिलं होतं, ते खोडलं.)

साहित्य : ओट्यावरची खुर्ची, जुना चष्मा बदलून नवा चष्मा.

निरीक्षणे.

सकाळी साडेसहाला चेची दोन काळे चहा आणते. साराम्मांच्या कपात अर्धा चमचा साखर, स्वतः एक घोट घेऊन बघते, मगच कप देते. पाच दिवस पाहिलं, पाचही दिवस हेच.

गुरुवारी साराम्मांचा चष्मा हरवला. अर्धा तास घरभर शोधाशोध. चेचीने येऊन तो त्यांच्याच डोक्यावरून काढला आणि नाकावर बसवला. मग जाता जाता त्यांचे केस नीट केले.

शुक्रवारी माशाच्या कालवणात मीठ जास्त झालं म्हणून जोरदार भांडण. सगळं जर्मनमध्ये. शब्द एकही कळला नाही, पण चाल ओळखीची वाटली. ही चाल आमच्या घरात रोज वाजते. दुपारपर्यंत अबोला. मग साराम्मांनी फणस कापला, हात चिकाने बरबटले, आणि चेची खोबरेल तेलाची वाटी घेऊन त्यांच्या एकेक बोटाचा चीक काढत बसली. फणस कोणी खाल्ला नाही. तेल लावणं बराच वेळ चाललं.

शनिवारी जिना उतरताना साराम्मांचा गुडघा दुखला असावा. चेचीचा हात आधी पुढे झाला, त्या ‘आई गं’ नंतर म्हणाल्या.

संध्याकाळी आमच्या गल्लीत पहिला दिवा त्यांच्या ओट्यावर लागतो. रोज. हे लिहिताना मला लाज वाटली.

आणखी एक निरीक्षण, त्यांच्या कुंपणालगतच्या झाडाचं. दहा वर्षांपूर्वी लावलं. जायफळाचं झाड सातव्या-आठव्या वर्षी फुलोरा येईपर्यंत नर की मादी ते कोणाला सांगता येत नाही, वाट बघावी लागते. हे नर निघालं होतं. मी पुस्तिकेत त्याचा दाखला दिला आहे, पान एकवीस. आज एली त्या झाडाखालून हाक मारते, “अहो माणसा, इकडे या आणि वर बघा.” वर तीन फळं लागलेली. पिकून फुटलेली, आत लालभडक जायपत्री. नर झाडाला! दामोदरन म्हणतो असं क्वचित होतं, कृषी खात्याच्या पुस्तकात आहे. असेल. मला पानावर लिहिताना झाडाला विचारावंसं वाटलं नाही.

जुनी निरीक्षणेही नोंदवतो. अप्पांच्या अंत्ययात्रेत साराम्मा आमच्या रांगेत, चेचीच्या मागे छत्री धरून चालल्या होत्या. आणि अम्माने जाण्याआधी आपल्या दोन बांगड्यांपैकी एक चेचीला दिली, एक साराम्मांच्या हातात घातली. मी तेव्हा डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं होतं, अम्माला विस्मरणाचा आजार झाला आहे का? अम्मा चौथी शिकलेली होती. तिला प्रयोगवही लागली नाही.

अनुमान :

लिहिण्याआधी एलीशी बोलायचं ठरवलं. तिला धक्का बसेल म्हणून हळूहळू विषय काढला. म्हटलं, “एली, चेची आणि साराम्मांबद्दल तुला काही सांगायचं आहे. नीट बस.”

ती बसली नाही. “आपल्या लग्नात दोघी एकाच ताग्यातल्या साड्या नेसून आल्या होत्या, तेव्हापासून माहीत आहे.”

“एकोणचाळीस वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, पण बोलायचं नाही. मग पुस्तक आलं तेव्हा कळलं की तुम्हाला माहीतच नाही.” आणि ती पदराने डोळे पुसायला लागली. हसून की काय, ते विचारलं नाही.

२६ जून, सोमवार

उरलेल्या दोनशे पंच्याऐंशी पुस्तिका एलीच्या ताब्यात दिल्या. पावसामुळे जायपत्री चुलीच्या धुरावर वाळवावी लागते, तिच्याखाली अंथरायला कागद हवाच असतो. ती म्हणते कागद चांगला जाड आहे, पैसे वसूल झाले.

दामोदरनला सांगितलं की माझा सिद्धांत मागे घेतो आणि तसं वाचनालयाच्या फळ्यावर लाव. त्याने स्वतः खडूने लिहिलं : ‘कुर्याकोस सारांचा प्रयोग चुकला. सारांनी तो पुन्हा केला.’ खाली कोणीतरी बारीक अक्षरात लिहून गेलं, ‘दोन वडे आता एका बशीत मिळतील.’ ते मी पुसलं नाही. औसेपकडे जाऊन दोन वडे मागितले. मिळाले.

पण साराम्मांचा फॉर्म अजून खणातच आहे. रकाना कोराच. ‘मैत्रीण’ लिहिलं तर खोटं. फॉर्ममध्ये चालेल असा शब्द खरा नाही, आणि खरा शब्द आमच्या बोलीत या वयाच्या बायकांसाठी कोणी बनवला नाही. एलीला विचारलं. ती भात वैरत होती. “मला काय विचारता माणसा,” म्हणाली, “तुमचं शास्त्र.”

मी खण उघडला आणि पेन शोधायला लागलो.

३ जुलै, सोमवार. दुक्राना

पूजेनंतर फादर इट्टूप यांच्या खोलीत गेलो. साराम्मांचा फॉर्म पुढे केला. त्यांनी चष्मा वर-खाली करून वाचलं.

“सार, नात्याच्या रकान्यात तुम्ही लिहिलंय, ‘माझ्या बहिणीचं माणूस’.”

“होय.”

“माणूस म्हणजे... एलीकुट्टी तुम्हाला म्हणते ते?”

“तेच.”

फादरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “साराम्मा दर नाताळला मला जायफळाचं लोणचं पाठवतात. बरणीवर दोघींची नावं असतात.” शिक्का उचलला, शाईत बुडवला आणि मारला. “रकाना कोरा नाही. एवढंच मला बघायचं असतं.”

तिथून सरळ चेचीकडे. दोघी ओट्यावर होत्या. मी साराम्मांच्या फॉर्मची प्रत चेचीच्या हातात दिली. तिने वाचली. पुन्हा वाचली. प्रत साराम्मांना दिली. त्यांनी वाचली आणि त्या रडायला लागल्या, मोठ्याने, लपवालपवी न करता. त्यांच्याने खोकल्याचं निमित्तही करवेना. चेचीने त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला, माझ्यासमोर.

मी म्हटलं, “चेची, मी आंधळा होतो. मला माफ कर. आणि कबरीत ये. मी एकटा त्या लोकांत काय करू?”

“त्रिशूरला फोन करून सांगते,” ती म्हणाली. “आधी ती वही दे.”

मी प्रयोगवही बरोबर नेली होती. चौदा ते वीस जूनची पानं तिने सावकाश वाचली. मिठाच्या भांडणाला हसली. अम्माच्या बांगडीपाशी थांबली. मग विणकामाच्या टोपलीतून लाल पेन काढलं आणि खाली गुण लिहिले : दहापैकी सात. सातच्या पोटात आडवी रेघ.

“सगळं बरोबर आहे ना?” मी विचारलं. “मग तीन कशाचे कापलेस?”

“वही उशिरा आणलीस,” चेची म्हणाली.